मेटल बॉक्स नीट बसवा, नाहीतर नफा भिंतीत जाईल



रिनोव्हेशनच्या कामात वायरमनचा नफा कुठे जातो, माहितीये? तेच काम दुसऱ्यांदा करण्यात. माझंच सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका किचनमध्ये सगळे बॉक्स जुन्या प्लास्टरच्या लेव्हलला बसवले. नंतर टाइल्स लागल्या आणि बॉक्स पाऊण इंच आत गेले. स्क्रू आट्यांपर्यंत पोचेनात. लांब स्क्रूने फ्रेम ओढली, तर ती वाकली. प्लग काढला की अख्खं सॉकेट हलायचं. शेवटी टाइल्स फोडल्या, खर्च माझ्या खिशातून. तेव्हापासून या गोष्टी मी चुकवत नाही.

१. आधी फिनिश विचारा. बॉक्सची कड तयार भिंतीच्या पातळीत यायला हवी, आजच्या विटेच्या नाही. टाइल आणि खालचा मसाला मिळून किती जाडी येणार ते टाइलवाल्याला विचारा आणि बॉक्स तेवढा बाहेर ठेवा.

२. उंची जमिनीवरून मोजू नका. नवीन फरशी आली की माप बदलतं. लेव्हल ट्यूबने खोलीभर एक रेघ मारा, सगळे बॉक्स त्या रेघेवरून घ्या.

३. चार इंची भिंतीत पाठीला पाठ लावून दोन बॉक्स नकोत. एकेक बॉक्स साधारण दोन इंच खोल, म्हणजे भिंत आरपार! एक बाजूला सरकवा. झिरी मारण्याआधी मेन बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. जुन्या घरात कुठली वायर कुठून गेलीय, सांगता येत नाही.

४. खड्डा साफ करा, पाणी मारा, चारी बाजूंनी सिमेंटचा मसाला भरा. पीओपीने नुसता टेकवून सोडू नका. प्लग ओढताना हिसका बॉक्सलाच बसतो. बॉक्स हलला की जोड सैल होतो, सैल जोड तापतो आणि आगीची सुरुवात तिथेच होते. प्लास्टरआधी आत कागद कोंबा, म्हणजे मसाला शिरणार नाही.

५. पाईपच्या तोंडाला बुश लावा, कारण पत्र्याची कड वायर सोलते. आणि प्रत्येक मेटल बॉक्सला अर्थिंग द्याच. सोललेली वायर बॉक्सला टेकली, तर प्लेटच्या स्क्रूला हात लावणाऱ्याला शॉक बसेल. अर्थिंग असेल आणि डीबीत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असेल, तर सप्लाय लगेच तुटतो.

आता धंद्याची गोष्ट. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा आणि ग्राहकाला पाठवा. "फ्रिज इथे, मिक्सर इथे, बरोबर ना?" असं विचारून होकार लेखी घ्या. पुढे जागा बदलली तर त्याचे पैसे वेगळे, हे कोटेशनमध्येच लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, पण भांडण वाचतं. आणि वर्षभराने त्याच भिंतीत कुणी ड्रिल मारायला निघालं, की हाच फोटो कामाला येतो.

चांगल्या कामाची जाहिरात ग्राहकच करतो. भेटू पुढच्या व्हिडिओत!