भाड्याचे खाते आणि शाळेचे कर्तव्य

पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. याच तालुक्यात एकीकडे हिंजवडीची संगणक-उद्योगनगरी आहे, तर दुसरीकडे डोंगरकपारीतील वाड्यावस्त्या. मोबाईल आज दोन्हीकडे पोचला आहे आणि त्याच्या वाटेने इंटरनेटवरील फसवणूकही पोचली आहे. या फसवणुकीत तरुण केवळ लुबाडले जातात असे नव्हे. पुष्कळदा ते तिचे साधनही बनतात. ही दुसरी बाजू शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावयास हवी.

लुबाडलेला पैसा स्वतःच्या खात्यात घेतल्यास चोर तात्काळ सापडेल. म्हणून तो नोकरीच्या शोधातील अथवा शिकत असलेल्या मुलास गाठतो व अल्प मोबदल्याचे आमिष दाखवून त्याचे बँकखाते, एटीएम कार्ड व सिम कार्ड मागून घेतो. पैसा अशा अनेक खात्यांतून फिरून शेवटी रोकड म्हणून निघतो. तपास मात्र प्रथम खातेदाराच्या दारी येतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. सूत्रधार दूर राहिले. बनावट कार्डांनी रोकड काढण्याचे काम कोल्हापुरासारख्या शहरांत हाताखालच्या माणसांकडून करविले गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना शिक्षा ठोठावली.

शिक्षणाची हानी दोन प्रकारे होते. खाते गोठविले गेले की त्यात जमा होणारी शिष्यवृत्ती अडकते आणि गुन्हा नोंदला गेल्यास नोकरीच्या वेळी चारित्र्य-पडताळणीत तो आडवा येतो. दुसरी हानी अधिक खोल आहे. श्रमावाचून पैसा मिळतो असे एकदा मनात ठसले, की अभ्यासावरील श्रद्धाच ढळते.

हा विषय प्राथमिक शाळेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घरी वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही, तेथे मोबाईलवरील संदेश वाचून दाखविणारे चौथीतील मूलच असते. एके काळी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवून माणसे जमिनी गमावीत. १९५९ साली साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने प्रौढांच्या हाती पाटी दिली. खाते दुसऱ्याच्या हवाली करणे म्हणजे आजच्या काळात कोऱ्या कागदावर अंगठा देणेच होय. हा दाखला मुलांना सहज उमगेल.

त्याचबरोबर तीन गोष्टी वर्गात पक्क्या करून घ्याव्यात. पैसे पाठविताना गुप्त क्रमांक द्यावा लागतो, ते आपल्याला मिळण्यासाठी कधीही लागत नाही. मोबाईलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. आणि फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. कारण पैसा पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी कळविले, तरच तो रोखला जाण्याची शक्यता अधिक असते.

पण मूल बोलेल तरच हे साधेल. रागावतील या भयाने ते गप्प राहते, आणि चोरास हवा असलेला वेळ त्या मौनानेच मिळतो. म्हणून चुकलेल्या मुलाला निर्भयपणे येऊन सांगता येईल, असा एक तरी माणूस त्यास शाळेत लाभला पाहिजे. तो त्याचा शिक्षक असावा.