पर्ल ‘मेली’ म्हणतात, मग ती चालवतंय कोण?

बारावीचा निकाल लागला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, “सर, मुलाला कॉम्प्युटरची कोणती लँग्वेज लावू?” बाजारात ज्या भाषेचं नाव जोरात, तिचा क्लास भरतो. जुन्या भाषेचं नाव काढलं तर मुलंच हसतात. अशाच एका हसण्यावारी नेलेल्या भाषेची आज ओळख करून घेऊ. तिचं नाव पर्ल. कित्येक वर्षांपासून ही भाषा ‘मेली’ असं सांगितलं जातं. पण डेबियन लिनक्स संगणकावर टाकलं की पर्लही त्याच्यासोबत येते. डेबियनची बरीच अवजारं याच भाषेत लिहिलेली आहेत.

पर्ल बनवणारे अमेरिकेचे लॅरी वॉल मुळात भाषाशास्त्राचे विद्यार्थी. लिपी नसलेल्या एखाद्या भाषेच्या लोकांत पत्नीसह जाऊन राहायचं, ती भाषा लिहून काढायची आणि तिच्यात बायबलचा तर्जुमा करायचा, असा त्यांचा बेत होता. तब्येतीमुळे तो राहून गेला आणि ते संगणकाच्या नोकरीत आले. ढीगभर फायलींतून हवा तो मजकूर वेचून अहवाल तयार करायचं काम त्यांच्यासमोर होतं. हातातली अवजारं अपुरी पडली, म्हणून त्यांनी नवी भाषाच तयार केली. 18 डिसेंबर 1987 रोजी तिची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. नाव आधी ‘पर्ल’ म्हणजे मोती असंच, इंग्रजी स्पेलिंगसकट ठेवायचं होतं. त्या नावाची एक भाषा आधीच निघाली, मग त्यातलं एक अक्षर गाळलं.

भाषाशास्त्राची छाप पर्लवर स्पष्ट दिसते. आपण बोलताना एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगतो, तशी मोकळीक तिच्यात आहे. याचा तोटाही आहे. प्रत्येकाचं लिखाण वेगळं दिसतं आणि दुसऱ्याचा प्रोग्राम वाचताना डोकं धरायची वेळ येते. टीकाकारांची ही तक्रार खरीच आहे.

तिची खरी ताकद मजकूर शोधण्यात आहे. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. एकाच मुलाचं नाव दाखल्यावर ‘महंमद’, आधारवर ‘मोहम्मद’ आणि बँकेत ‘मुहम्मद’. शेख, शैख यांची तीच कथा. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला की पालक चकरा मारतात. माणसाला ही नावं एकच वाटतात, संगणकाला तीन. पर्लमध्ये एक साचा लिहिता येतो : पहिलं अक्षर ‘म’, ‘मो’ किंवा ‘मु’, पुढे ‘ह’, मग अनुस्वार किंवा अर्धा ‘म’, शेवटी ‘मद’. एवढ्या एका ओळीने हजारो नावांच्या यादीतून सगळी रूपं बाहेर येतात. उर्दूत तर आणखी गंमत. अरबी कीबोर्डची ‘ये’ आणि उर्दू कीबोर्डची ‘ये’ शब्दाच्या मधे अगदी सारख्या दिसतात, पण संगणकात दोघींचे क्रमांक वेगळे. डोळ्यांना समोर दिसणारा शब्द शोधला तरी सापडत नाही. हे साचे आज जवळपास सर्व भाषांत आहेत. पण त्यांचं जे रूप जगभर चाललं, ते पर्लचं.

1990 च्या दशकात मानवी जीनोमच्या प्रकल्पातही हीच ताकद कामाला आली. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगशाळांची माहिती वेगवेगळ्या मांडणीत होती, एकीची दुसरीला चालेना. ती जुळवून देणारे छोटे छोटे प्रोग्राम पर्लमध्ये लिहिले गेले. लिंकन स्टाइन या शास्त्रज्ञाने 1996 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

मग उतरण का लागली? 2000 साली पर्ल 6 ची घोषणा झाली आणि तिची पक्की आवृत्ती यायला 2015 चा डिसेंबर उजाडला. पंधरा वर्षं लोक ‘नवी येतेय’ म्हणून थांबले, नवे विद्यार्थी पायथनकडे गेले. शेवटी 2019 मध्ये पर्ल 6 ला ‘राकू’ हे वेगळं नाव देऊन वेगळं घर दिलं. माझ्या मते हा निर्णय फार उशिरा झाला. 1994 ची पर्ल 5 मात्र चालतच राहिली. तिच्यासाठी त्या काळी लिहिलेले बरेच प्रोग्राम आजच्या आवृत्तीवरही फारसा हात न लावता चालतात. 2023 च्या 5.38 आवृत्तीत तर ‘क्लास’ लिहिण्याची नवी सोयही आली.

हे सगळं टिकलं ते सीपॅनमुळे. 1995 मध्ये सुरू झालेलं हे पर्लचं सामायिक कोठार. कुणी तारखांचा हिशेब करणारा भाग लिहून तिथे ठेवतो, कुणी ईमेल पाठवणारा. दोन लाखांहून जास्त मॉड्यूल तिथे मोफत आहेत. तुम्ही आपलं काम तिथे ठेवलं की ओळखपाळख नसलेले स्वयंसेवक ते आपापल्या वेगवेगळ्या संगणकांवर चालवून पाहतात आणि कुठे अडलं ते कळवतात. मोबदला काही नाही.

आता प्रश्न असा की, लिहिणारा माणूस कंटाळला, आजारी पडला किंवा वारला तर? मार्च 2016 मध्ये जावास्क्रिप्टच्या दुनियेत एका माणसाने रागाने आपला 11 ओळींचा एक तुकडा काढून घेतला आणि जगभरातल्या हजारो प्रकल्पांचं काम अडलं. पर्लवाल्यांनी याची तजवीज आधीच केलेली होती. सीपॅनवरून काढलेल्या गोष्टी ‘बॅकपॅन’ या वेगळ्या साठ्यात जपल्या जातात. आणि मालकाशिवाय राहिलेलं मॉड्यूल दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा कायदाच आहे. इच्छुकाने आधी मूळ लेखकाला लिहायचं, वाट पाहायची, मग जाहीर विचारणा करायची. तरीही उत्तर नाही आलं तर व्यवस्थापक त्याला हक्क देतात. मूळ लेखकाचं नाव पुसलं जात नाही. लेखक वारला असेल तर त्याचं काम ‘अडॉप्टमी’, म्हणजे ‘मला दत्तक घ्या’, या नावाखाली ठेवतात. आपण जिला अमानत म्हणतो, तीच ही.

‘नीडहेल्प’ नावाची अशीच आणखी एक यादी आहे. तिथे लेखक हयात असतो, फक्त हात कमी पडतात. अशा ठिकाणी सुरुवात करायला मोठी डिग्री लागत नाही. एखाद्या मॉड्यूलची माहितीपत्रिका वाचायची, त्यातलं चुकलेलं उदाहरण दुरुस्त करून पाठवायचं, किंवा कुणी कळवलेला दोष आपल्या संगणकावर येतो का ते पाहून लिहायचं. दुसऱ्याचा प्रोग्राम वाचायची सवय इथे लागते, आणि क्लासमध्ये नेमकं तेच शिकवत नाहीत.