योजनेचा कारभारी आणि लोकांचें मन

इ. स. २०२२ च्या जून महिन्यांत अमरावती व अकोला या दोन शहरांमधील राष्ट्रीय महामार्गावर एक विलक्षण काम घडून आलें. ता. ३ जून रोजीं सकाळीं डांबरी खडी पसरण्यास आरंभ झाला, आणि ता. ७ च्या सायंकाळीं, म्हणजे अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत, ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी पट्टा अखंड तयार झाला. ७२० माणसें रात्रंदिवस राबत होतीं. तत्पूर्वींचा उच्चांक कतार देशांतील दोहा येथील होता. तेथें सुमारें सव्वापंचवीस किलोमीटरांस दहा दिवस लागले होते. वऱ्हाडांतील या कामाची नोंद गिनीज बुकांत झाली. याच मार्गाचें रुंदीकरण पूर्वीं दीर्घकाळ रखडलेलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या वेगाचें नवल अधिकच वाटतें.

वर्तमानपत्रांनीं आकडे छापले. डांबरी खडी ३६,६३४ टन लागली व तींत २,०७० टन डांबर होतें. या आकड्यांचा थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तासास सुमारें ३४७ टन माल जागेवर पोंचला पाहिजे. एका ट्रकांत वीस टन माल धरला, तर दर साडेतीन मिनिटांस एक भरलेला ट्रक हजर हवा. आणि तो चार दिवस, चार रात्री व वर कांहीं तास, न चुकतां. डांबरी खडी तापलेली असते. ती निवण्याच्या आंत पसरून रोलरखालीं दाबली नाहीं, तर ती वायां जाते. म्हणजे रात्रीं दोन वाजतां एखाद्या ड्रायव्हरानें रस्त्याच्या कडेस डुलकी घेतली, खडीच्या खाणीवरील मुकादम रुसला किंवा यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री वेळेवर आला नाहीं, तरी सर्व मांडणी विसकटावयाची. टनांचा हिशेब कागदावर मांडतां येतो. मिस्त्रीनें हांकेसरशीं उठून यावें असें त्यास कां वाटावें, याचा हिशेब मात्र कोणत्याही कागदावर नसतो.

अशा कामाचा भार ज्याच्या शिरावर असतो त्यास हल्लीं प्रकल्प व्यवस्थापक म्हणतात. जुना शब्द कारभारी, आणि तो अद्यापि वाईट नाहीं. या कारभाऱ्याची खरी अडचण अशी कीं, त्याची जबाबदारी मोठी व अधिकार लहान. खाणवाला त्याचा नोकर नसतो, सरकारी इंजिनिअर त्याचा ताबेदार नसतो, पैसा पुरविणारी पेढी त्याच्या आज्ञेंत नसते आणि ज्या गांवावरून काम जावयाचें तेथील लोक तर कोणाच्याच आज्ञेंत नसतात. हुकूम जेथें संपतो तेथून पुढें लोकांचें मन वळवूनच काम चालवावें लागतें. पुष्कळांची समजूत अशी आहे कीं, मन वळविणें म्हणजे जिभेचें कसब, आणि तें जन्मजात असतें किंवा नसतें. ही समजूत खरी असती, तर वऱ्हाडांतील सर्व कामें केव्हांच पुरीं झालीं असतीं. कारण बोलक्या माणसांचा तोटा या प्रांतास कधींच नव्हता!

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं या विषयाचा विचार करून ठेविला आहे. ऐकणाऱ्याचें मन तीन गोष्टींनीं वळतें, असें त्याचें म्हणणें: बोलणाराचें शील, ऐकणाराच्या मनाची त्या वेळची स्थिति आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. आपल्या शाळा-कॉलेजांतून व इंजिनिअरिंगच्या वर्गांतून तिसऱ्या गोष्टीचें शिक्षण भरपूर मिळतें. पहिल्या दोहोंचें मुळींच मिळत नाहीं. म्हणून हुशार तरुण नकाशा व आकडे घेऊन सभेंत जातो, एकही चूक न करतां बोलतो, आणि सभा संपल्यावर काम जेथल्या तेथें राहतें. त्यास वाटतें, लोक अडाणी आहेत.

पहिल्या दोन गोष्टी कोणाकडून शिकाव्या याचें उत्तर शोधण्यास ग्रीस देशापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. वर सांगितलेला महामार्ग मूर्तिजापुरावरून जातो. त्याच तालुक्यांतील दापुरें या गांवीं आपल्या मामाच्या घरीं डेबूजी झिंगराजी जानोरकर नांवाचा एक मुलगा गुरें राखून व शेत कसून लहानाचा मोठा झाला. त्याचा जन्म ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें परीट घराण्यांत झाला होता. १९०५ सालीं त्यानें घर सोडलें, आणि पुढें सारा महाराष्ट्र त्यास गाडगेबाबा या नांवानें ओळखूं लागला. बाबांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापाशीं सरकारी अधिकार नव्हता, घराण्याचें वजन नव्हतें, अंगावर चिंध्या व हातांत मडक्याचें खापर. तरीही पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इत्यादि ठिकाणीं धर्मशाळा उभ्या राहिल्या, नदीस घाट बांधले गेले, आणि मुंबईस जे. जे. रुग्णालयांत येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय झाली. भक्तिभाव क्षणभर बाजूस ठेवून केवळ कारभारी या दृष्टीनें पाहिलें, तरी एवढीं बांधकामें एका हयातींत पुरीं करणारा मनुष्य अभ्यासास योग्य आहे.

पूर्णा नदीच्या कांठीं ऋणमोचन हें क्षेत्र आहे. पौष महिन्यांत रविवारीं तेथें यात्रा भरते. नदीची दरड चिखलाची, यात्रेकरू घसरून पडत. गाडगेबाबांनीं तेथें सभा भरविली नाहीं, वर्गणीची यादीही काढली नाहीं. त्यांनीं फावडें घेऊन दरड खणण्यास व माती सारखी करण्यास आरंभ केला. प्रथम लोक पाहत राहिले. मग एकानें घमेलें उचललें, दुसऱ्यानें दगड आणला. पक्का घाट पुढें झाला. या गोष्टीचें मर्म अनेकदां चुकीचें सांगितलें जातें. स्वतः राबल्यानें काम झालें असें नव्हे, कारण एका मनुष्याच्या फावड्यानें घाट होत नसतो. स्वतः राबल्यानें लोकांच्या मनांतील पहिला प्रश्न मिटला. तो प्रश्न असा: यांत याचा स्वतःचा काय लाभ? कोणतीही योजना घेऊन येणाऱ्या माणसाविषयीं हा प्रश्न प्रत्येकाच्या मनांत असतो आणि तो तोंडावर कोणी विचारीत नाहीं. तो मिटल्याशिवाय पुढचा एकही शब्द ऐकला जात नाहीं. बाबांनीं पैशाच्या बाबतींतही हेंच धोरण ठेविलें. देणगी त्यांच्या हातीं राहत नसे. ती परस्पर कामाकडे व विश्वस्तांकडे जाई.

दुसरी गोष्ट त्यांच्या कीर्तनाची. गांवांत येतांच ते खराट्यानें रस्ते झाडीत, आणि रात्रीं कीर्तनास उभे राहत. कीर्तन वऱ्हाडी बोलींत, आणि बहुतेक प्रश्नोत्तररूप. कर्ज काढून सण करावा काय, दारूनें कोणाचें घर वर आलें, मुलांस शाळेंत कां घालीत नाहीं, असे साधे प्रश्न ते विचारीत, व समोरचे हजारों लोक उत्तर देत. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून निघाल्यावर तें त्यांचें स्वतःचें होई. दुसऱ्यानें लादलेलें मत मनुष्य संधि मिळतांच टाकतो. चार लोकांत आपण उच्चारलेलें मत टाकतांना त्यास लाज वाटते. आज मोठमोठ्या कंपन्यांतून कारभाऱ्यांस शिकविण्यासाठीं जे वर्ग चालतात, त्यांत आज्ञेऐवजीं प्रश्न विचारण्याचा पाठ असतो. तो पाठ या मुलखांत पूर्वींच होऊन गेलेला आहे.

प्रश्न विचारावयाचे ते उत्तर ऐकण्यासाठीं. येथें एक उदाहरण घेऊं. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहिरीचें पाणी खारट, पिण्यास निरुपयोगी. त्यामुळें वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्याकडील गांवांना पाणी पुरविणाऱ्या ८४ खेडी योजनेसारख्या योजना या भागांत कराव्या लागल्या. आतां कल्पना करावी कीं, अशाच एका गांवीं नळ न्यावयाचा आहे, मे महिना अर्धा संपला आहे, आणि एक वृद्ध शेतकरी आपल्या शेतांतून चर खणूं देत नाहीं. कारभारी तरुण आहे. तो पाण्याचें महत्त्व सांगतो, मुलांचे आजार सांगतो, कायदाही सांगतो. म्हातारा मान हालवितो. तिसऱ्या खेपेस तरुण नकाशा गुंडाळून ठेवतो व विचारतो, “आबाजी, तुमची अडचण तरी काय आहे?” त्यावर उत्तर येतें: “पाण्याले कोन नाई म्हनते, साहेब? पन पेरनीच्या आंधी माह्या वावरातली नाली बुजली पायजे.”

म्हाताऱ्याचा विरोध नळास नव्हताच. मागें केव्हां तरी कोणी चर खणून गेला असेल, पावसांत तो तसाच उघडा राहिला असेल, आणि एका तासाचें पीक गेलें असेल. नकार दिसतो एका गोष्टीस व असतो दुसऱ्याच गोष्टीस. मृगापूर्वीं चर बुजवून देण्याची तारीख कागदावर लिहून दिली, व ती पाळली, कीं शेजारचीं दहा शेतें आपोआप मोकळीं होतात. कारण गांवांत बातमी माणसाच्या पायांपेक्षां लवकर चालते. तारीख मोडली तर तीच बातमी त्याच वेगानें उलट जाते.

आणि तारीख मोडण्याची पाळी कधीं येतच नाहीं असें नाहीं. पाईप वेळेवर आले नाहींत, मजूर लग्नसराईंत गांवीं गेले, पाऊस आठ दिवस आधीं आला. अशा वेळीं बहुसंख्य कारभारी गप्प बसतात, अथवा काम “जवळजवळ झालें आहे” असें सांगतात. हे शब्द योजनांच्या इतिहासांत जितके महाग पडले आहेत तितकें सिमेंटही पडलें नसेल! वाईट बातमी लवकर, स्वतः जाऊन आणि उपायासह सांगणें, हा मन वळविण्याचाच भाग आहे. कारण पुढच्या वेळीं चांगली बातमी सांगितली असतां ती खरी मानली जावी, याची तजवीज त्यांतून होते. मन वळविणें व फसविणें यांत भेद कोणता, याची कसोटीही येथेंच मिळते. आपण जें सांगितलें नाहीं तें समोरच्यास उद्यां कळलें, तर तो पुन्हां दारांत उभें करील काय? या प्रश्नास ज्याचें उत्तर नकारार्थी येतें, त्यानें गोड बोलून एक सही मिळविली असेल, परंतु पुढच्या दहा सह्या गमावल्या आहेत.

याच अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवचे डॉ. पंजाबराव देशमुख यांची रीति निराळी होती. विलायतेंत शिकलेले बॅरिस्टर, अंबादेवी मंदिर सर्वांस खुलें व्हावें म्हणून १९२७ सालीं झालेल्या सत्याग्रहाचे पुढारी, पुढें १९५२ पासून दहा वर्षें केंद्रांत कृषिमंत्री. वादांत ते कोणासही हार जाण्यासारखे नव्हते. तथापि शेतकऱ्यास नवी शेती पटवावयाची तेव्हां त्यांनीं केवळ व्याख्यानांवर भिस्त ठेविली नाहीं. भारत कृषक समाजाच्या द्वारें १९५९-६० मध्यें दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरविलें. बियाणें, यंत्रें, जनावरें डोळ्यांनीं पाहूं द्यावीं, हाच तेथील युक्तिवाद. शेजाऱ्याच्या वावरांत उगवलेलें जेवढें पटतें, तेवढें छापील पत्रकांतलें पटत नाहीं, हें कोणताही वऱ्हाडी शेतकरी सांगेल.

हें सर्व शिकतां येतें काय? अमेरिकेंत १९६९ सालीं प्रॉजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट नांवाची संस्था स्थापन झाली. तिची परीक्षा उतरलेल्या कारभाऱ्यास दर तीन वर्षांत ६० तासांचें नवें शिक्षण घेतल्याचें दाखवावें लागतें, नाहीं तर प्रमाणपत्र जातें. त्यांत तंत्राबरोबर माणसें हाताळण्याचा विषयही सक्तीचा आहे. कल्पना चांगली आहे. वर्षाकाठीं वीस तास म्हणजे फार नव्हेत. परंतु तास भरणें व शिकणें या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हें शाळेंत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्यापेक्षां एक साधी वही अधिक उपयोगी पडेल. आज कोणी नकार दिला, त्यानें कारण काय सांगितलें, आणि खरें कारण काय निघालें, एवढ्याच तीन ओळी रोज लिहाव्या. तिसरी ओळ बरेच दिवस कोरी राहील. ती भरूं लागली म्हणजे समजावें कीं अभ्यास सुरू झाला. मोठ्या सभेपूर्वीं प्रत्येकास एकेकटें भेटून घ्यावें. जो मनुष्य चारचौघांत हट्टास पेटतो, तोच ओसरीवर चहा घेतांना आपली भीति मोकळेपणें सांगतो. आणि एखादा जुना मुकादम असेल तर त्याच्या मागें कांहीं दिवस नुसतें हिंडावें. तो मजुरास नांवानें हांक मारतो, त्याच्या आजारी मुलाची चौकशी करतो, मग काम सांगतो. हें त्यास कोणीं शिकविलेलें नसतें, आणि विचारलें तर त्यास सांगतांही येणार नाहीं. पाहूनच घ्यावें लागतें.

कारभाऱ्याच्या शिक्षणांतील सर्वांत अवघड धडा शेवटीं येतो. काम पुरें झाल्यावर तें दुसऱ्याच्या हातीं द्यावयाचें असतें. ज्यानें स्वतःच्या शब्दावर माणसें जमविलीं, त्यास वाटतें कीं आपण दूर झालों तर सर्व कोसळेल. आणि बहुधा त्याच्या या वाटण्यामुळेंच तें कोसळतें. गाडगेबाबांनीं पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९५२ मध्यें त्यांच्या कार्यासाठीं गाडगे महाराज मिशनची रीतसर स्थापना झाली. ता. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांव येथें पेढी नदीच्या परिसरांत प्रवासांतच त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं धर्मशाळांचे दरवाजे रोजच्याप्रमाणें उघडले होते.