‘हेन्स प्रूव्ह्ड’ आणि त्याची भावकी

वकिलाची नोटीस उघडा, करारनामा उघडा, नाहीतर एखादं सरकारी इंग्रजी पत्र. ‘हिअरबाय’, ‘ऑलबीइट’, ‘नॉटविथस्टँडिंग’ ही भारदस्त मंडळी ओळीने हजर असतात. त्यांचा रुबाब बघून अनेकांना वाटतं, हे सगळं लॅटिनमधून आलं असणार. ‘कॉन्सिक्वेंटली’पुरतं ते खरंही आहे. पण ‘हेन्स’, ‘दस’, ‘देअरफोर’, ‘मोरओव्हर’ हे अस्सल घरचे, जुन्या इंग्रजीतल्या रोजच्या शब्दांतून घडलेले. आपल्या दस्तऐवजांतली ‘सबब’ अरबीतून फारसीमार्गे आली. इंग्रजांना इथे बाहेर फारसं जावं लागलं नाही.

‘ऑलबीइट’ला तर परदेशी समजून लोक ‘अल्बाइट’ म्हणतात. तो ऑल, बी, इट हे तीन साधे शब्द चौदाव्या शतकात एकत्र चिकटून झाला. अर्थ: ते तसं असलं तरी.

दुसरा गैरसमज ‘हिअर’, ‘देअर’, ‘व्हेअर’बद्दलचा. जोडशब्दात ते जागा दाखवत नाहीत, सर्वनामाचं काम करतात. म्हणून ‘हिअरबाय’ म्हणजे याद्वारे, ‘देअरऑफ’ म्हणजे त्याचा आणि ‘व्हेअरफोर’ म्हणजे कशासाठी. हे ठाऊक नसल्याने ‘व्हेअरफोर आर्ट दाउ रोमिओ?’ म्हणताना रंगमंचावरच्या कित्येक ज्युलिएट कपाळावर हात आडवा धरून अंधारात रोमिओला शोधू लागतात. तो कुठे आहे, हे ती विचारतच नाही. तू रोमिओच का असावास, वैऱ्याच्याच घराण्यातला का, हा तिचा प्रश्न आहे. आणि तो खालीच उभा राहून सगळं ऐकतोय!

‘नॉटविथस्टँडिंग’मधला ‘विथ’ही फसवा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘विरुद्ध’ असाही होता. ‘विथस्टँड’ म्हणजे टक्कर देणे, यात तो अजून टिकून आहे. लॅटिन मात्र इथे मागच्या दाराने आलं, कारण हा शब्द ‘नॉन ऑब्स्टांटे’ या कायद्यातल्या प्रयोगावर बेतलेला आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या विकास मंडळांची तरतूद असलेला संविधानाचा अनुच्छेद ३७१(२) इंग्रजीत याच शब्दाने सुरू होतो. संविधानात इतरत्र काहीही म्हटलेलं असलं, तरी ते या तरतुदीच्या आड येणार नाही, एवढा त्या एका शब्दाचा जोर.

‘नेव्हरदलेस’मधला ‘द’ हे नेहमीचं उपपद नव्हे. ती जुन्या इंग्रजीतली तृतीया आहे: ‘त्याने’. त्याने काही कमी होत नाही, असा सरळ अर्थ. ‘द मोअर द बेटर’मधले दोन्ही ‘द’ही याच कुळातले.

‘हाउएव्हर’ने वाक्य सुरू करू नये, हा दंडक विल्यम स्ट्रंक या अमेरिकी प्राध्यापकाने १९१८मध्ये आपल्या शैलीविषयक पुस्तिकेत घातला. तो व्याकरणाचा नियम नाही, त्याची आवड आहे. पुढचा स्वल्पविराम तेवढा विसरू नका. तो नसेल तर ‘कितीही’ असा अर्थ लागू शकतो.

भूमितीच्या वहीतलं ‘हेन्स प्रूव्ह्ड’ आठवतं? ‘हेन्स’चा मूळ अर्थ इथून. म्हणून ‘फ्रॉम हेन्स’मध्ये ‘हून’ दोनदा येतो. शेक्सपिअरनेही तो खुशाल लिहिला आहे, तेव्हा त्यावर लाल शाई फिरवण्यात अर्थ नाही.

लाल शाई हवी ती विद्यार्थ्यांच्या निबंधांतल्या ‘मोरओव्हर’वर. वजन यावं म्हणून तो दर परिच्छेदाला पेरला जातो. त्याचा अर्थ फक्त ‘शिवाय’. लिहिण्याआधी त्या जागी ‘शिवाय’ ठेवून वाक्य वाचा. बसत नसेल तर खोडा.