जलद डावात राजावर चढाई : घाई कोठे, सबुरी कोठे?

जॉर्जियातील बाटुमी येथे २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वकरंडक जिंकला, तेव्हा तिचे वय होते अवघे १९. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले होते. विश्वकरंडक कोणाला मिळणार, याचा निर्णय प्रत्येकी १५ मिनिटांच्या जलद डावांवर येऊन ठेपला. हंपी त्या वेळी जलद बुद्धिबळातील विद्यमान जगज्जेती होती. पहिला जलद डाव बरोबरीत राहिला. दुसऱ्यात घड्याळाचा दाब वाढत गेला, चुका होऊ लागल्या आणि काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या दिव्याने बाजी मारली.

जलद बुद्धिबळ म्हणजे फावल्या वेळची करमणूक, हा समज आता मागे पडला आहे. खानदेशात तर नवोदित खेळाडूची स्पर्धेशी पहिली ओळख बहुधा जलद डावांतूनच होते. जळगाव किंवा धुळे येथे रविवारी एका दिवसात सहा-सात फेऱ्या उरकायच्या, चोपडा, अमळनेर, शिरपूर, भुसावळ येथून आलेल्या मुलांना संध्याकाळच्या एसटीने वा रेल्वेने परत पाठवायचे, तर दुसरा मार्ग नाही. अशा स्पर्धांत हमखास दिसणारे दृश्य म्हणजे राजाच्या बाजूला केलेली चढाई. वजीर पुढे काढायचा, घोडा उडवायचा, एखादे मोहरे झोकून द्यायचे आणि प्रतिस्पर्ध्याचा गोंधळ उडण्याची वाट पाहायची. यातील काही डाव झटपट जिंकले जातात, काही तितक्याच झटपट हरले जातात. हा फरक नशिबाचा नसतो. चढाई सुरू करण्यापूर्वी काय पाहिले आणि घड्याळ कोठे खर्च केले, याचा असतो.

घड्याळाचे गणित

जागतिक संघटनेच्या नियमांनुसार प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटांहून अधिक, पण साठ मिनिटांहून कमी वेळ असलेला डाव 'जलद' ठरतो. दहा मिनिटे वा त्याहून कमी वेळाचा डाव 'ब्लिट्झ', म्हणजे अतिजलद. हा वेळ मोजताना मूळ वेळेत साठ खेळींसाठी मिळणारी वाढीव सेकंदेही धरतात. जागतिक जलद स्पर्धेत १५ मिनिटे आणि प्रत्येक खेळीला १० सेकंद वाढ दिली जाते. चाळीस खेळींचा डाव धरला, तर खेळाडूच्या वाट्याला सुमारे २१ मिनिटे ४० सेकंद येतात. म्हणजे एका खेळीला सरासरी ३२ सेकंद. जागतिक ब्लिट्झमध्ये ३ मिनिटे आणि २ सेकंद वाढ असते. तेथे हीच सरासरी साडेसहा सेकंदांवर येते. याउलट ९० मिनिटे आणि ३० सेकंद वाढ असलेल्या पारंपरिक डावात एका खेळीला पावणेतीन मिनिटे मिळतात.

वेळ पाचपटीने घटला की त्याचा फटका दोन्ही बाजूंना सारखा बसत नाही. चढाई करणाऱ्याला धमकी निर्माण करायची असते; ती एकच पुरते. बचाव करणाऱ्याला मात्र सर्व धमक्या शोधाव्या लागतात आणि त्यांतील एकही नजरेआड होऊन चालत नाही. चढाई करणाऱ्याची चूक झाली, तर बहुतेक वेळा एखादे प्यादे किंवा मोहरे जाते. बचाव करणाऱ्याची चूक झाली, तर राजाच जातो. म्हणूनच शांत खोलीत तासभर विचार करून खोडता येणारा हल्ला जलद डावात यशस्वी ठरू शकतो.

रिगाचा मिखाईल ताल हे याचे गाजलेले उदाहरण. बोट्विनिकला हरवून १९६० मध्ये तो जगज्जेता झाला. त्याची अनेक बलिदाने मागाहूनच्या विश्लेषणात सदोष ठरली, परंतु पटासमोर बसलेल्या प्रतिस्पर्ध्यांना ती वेळेत खोडता आली नाहीत. कॅनडातील सेंट जॉन येथे १९८८ मध्ये झालेली जागतिक ब्लिट्झ स्पर्धा तालने जिंकली, तेव्हा तो ५१ वर्षांचा होता. विश्वनाथन आनंदने २०१७ च्या अखेरीस रियाध येथे जागतिक जलद विजेतेपद मिळवले, ते ४८ व्या वर्षी. त्या स्पर्धेत त्याने काळ्या मोहऱ्यांनी मॅग्नस कार्लसनलाही हरवले. वेगवान खेळ म्हणजे केवळ तरुण हातांचा खेळ नव्हे. वर्षानुवर्षे साठवलेले नमुने नजरेसमोर तत्काळ उभे राहणे, हे त्यामागचे खरे भांडवल आहे.

राजा कोपऱ्यात का सापडतो?

देशी पद्धतीच्या बुद्धिबळात किल्लेकोट नव्हता. प्यादे एका वेळी एकच घर सरके आणि शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे. आंतरराष्ट्रीय नियमांत किल्लेकोट, म्हणजेच कॅसलिंग, ही एकच खेळी राजाला कोपऱ्याकडे नेते आणि हत्तीला बाहेर काढते. राजापुढे एफ, जी आणि एच या उभ्या रांगांतील तीन प्याद्यांची तटबंदी उभी राहते. (पटाच्या उभ्या रांगांना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच अशी नावे आहेत, आडव्या रांगा पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ अशा मोजतात.) ही तटबंदी भक्कम असली तरी तिच्यामागे राजाला हालचालीस जागा थोडी असते. मदतीला येणारी मोहरी अडली, तर तोच किल्ला तुरुंग होतो.

चढाईचा विचार करताना चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, पटाचा मध्यभाग. मध्य बंद असेल किंवा आपल्या ताब्यात असेल, तरच बाजूवरचा हल्ला टिकतो. बाजूवरील चढाईला उत्तर मध्यात द्यावे, हा जुना नियम आहे. मध्य उघडा असताना वजीर आणि घोडा एका कोपऱ्यात नेले, तर प्रतिस्पर्ध्याचे हत्ती आपल्याच राजावर येऊन आदळतात. दुसरी गोष्ट, मोहऱ्यांची मोजणी. राजाच्या परिसरात आपली किती मोहरी पोहोचू शकतात आणि बचावाची किती, हे मोजायला पाच सेकंद पुरतात. निदान एका मोहऱ्याचे आधिक्य नसेल, तर थांबणे बरे. एकट्या वजिराने किल्ला घेतल्याची उदाहरणे फार थोडी.

तिसरी गोष्ट, एफ-६ वरील काळा घोडा. एच-७ हे नाजूक घर तोच राखतो आणि वजिराला एच-५ वर येऊ देत नाही. ई-५ वर प्यादे सरकवून त्याला हुसकावले, की हल्ल्याची अर्धी तयारी होते. चौथी गोष्ट, तटबंदीतील भेग. जी-७ किंवा एच-७ चे प्यादे पुढे सरकले असेल, तर त्यामागची घरे दुबळी होतात आणि आपल्या प्याद्यांना आदळण्यासाठी जागा मिळते. दोन्ही राजे विरुद्ध बाजूंना असतील, तर प्याद्यांची लाट बिनधास्त पुढे नेता येते. दोघे एकाच बाजूला असतील, तर तीच लाट आपलाही राजा उघडा पाडते. अशा वेळी मोहऱ्यांनीच हल्ला करावा.

एक नमुना : एच-७ वरील बलिदान

सतराव्या शतकातील इटालियन खेळाडू जोआकिनो ग्रेको याच्या हस्तलिखितांपासून चालत आलेले एक बलिदान 'ग्रीक गिफ्ट' या नावाने ओळखले जाते. पांढऱ्याचा उंट डी-३ वर, घोडा एफ-३ वर, वजीर डी-१ वर आणि प्यादे ई-५ वर आहे. काळ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला आहे. त्याचा वजीर डी-८ वर असून ई-६ वर त्याचेच प्यादे आहे. एफ-६ वर घोडा नाही आणि जी-५ या घरावर काळ्याच्या उंटाची नजर नाही.

पांढरा उंट एच-७ चे प्यादे मारून शह देतो. राजाने उंट मारला, की घोडा जी-५ वर येऊन पुन्हा शह देतो. राजा जी-८ वर परतला, तर वजीर एच-५ वर येतो आणि एच-७ वर मातीची धमकी उभी राहते. काळ्याने पळवाट म्हणून हत्ती ई-८ वर सरकवला, तर वजीर एफ-७ चे प्यादे टिपून शह देतो. राजा एच-८ वर जातो. वजीर एच-५ वर परतून शह देतो, राजा जी-८ वर येतो. मग वजिराचा एच-७ वर शह, राजा एफ-८ वर. वजिराचा एच-८ वर शह, राजा ई-७ वर. आणि वजीर जी-७ चे प्यादे मारतो, ती मात. उंटाच्या बलिदानापासून मोजले, तर ही आठवी खेळी.

हा क्रम ज्याच्या डोक्यात पक्का आहे, त्याला पटावर तो शोधावा लागत नाही. त्याला फक्त अपवाद तपासायचे असतात. घोड्याच्या शहानंतर राजा एच-६ वर गेला, तर सी-१ वरील उंटाची तिरकी रेषा मोकळी असल्यास घोडा एफ-७ वर उडी घेऊन दुहेरी शह देतो आणि डी-८ वरील वजीरही टिपतो. राजा जी-६ वर चढला, तर मात्र ठरीव उत्तर नाही. वजीर जी-४ वर किंवा एच रांगेतील प्यादे पुढे, यांपैकी काय चालेल हे त्या स्थितीवर ठरते. याशिवाय, काळ्याचा घोडा एफ-६ किंवा एफ-८ वर येऊन एच-७ राखू शकतो काय, त्याचा उंट एफ-५ वर येऊन तेच घर राखतो काय, हेही पाहायचे असते. एका मिनिटाचा विचार येथे खर्च करावा. ज्याने तो आधीच्या सोप्या खेळींत उधळला, त्याच्याजवळ नेमक्या वेळी काही उरत नाही.

वेळ कोठे खर्चावा?

जलद डावात प्रत्येक खेळीला सारखा वेळ देणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. सरासरी ३२ सेकंदांची असली, तरी सुरुवातीच्या परिचित दहा-बारा खेळी काही सेकंदांत उरकाव्यात. डावात परत न फिरवता येणाऱ्या खेळी दोन-तीनच असतात : मोहऱ्याचे बलिदान, मध्य उघडणे किंवा वजिरांची अदलाबदल. त्यांच्यासाठी दीड-दोन मिनिटे राखून ठेवावीत. हल्ला एकदा सुरू झाला, की शह, मारामारी आणि धमकी या क्रमाने खेळी तपासाव्यात. नेमकी मात दिसत नसेल, तर आणखी एक मोहरे हल्ल्यात आणणारी खेळी बहुधा योग्य असते. शह देता येतो म्हणून दिलेला शह अनेकदा राजाला सुरक्षित घरी पोहोचवतो.

धाडसाच्या चढाईमागे किती तयारी असते, हे नाशिकच्या विदित गुजराथीने एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत दाखवले. दुसऱ्या फेरीत हिकारू नाकामुराविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने एच-३ वरील प्याद्यावर उंट झोकला आणि डाव जिंकला. पारंपरिक डावांत ४७ वेळा अपराजित राहिलेल्या नाकामुराची मालिका तेथे खंडित झाली. डाव पारंपरिक वेळेचा होता. पण बलिदानाचा अभ्यास घरी झालेला असल्याने अवघड हिशेब प्रतिस्पर्ध्यालाच पटावर करावा लागला. जलद डावात तर या गृहपाठाचे मोल कितीतरी वाढते.

बचाव करणाऱ्यासाठीही यात धडा आहे. हल्ला येताना दिसला, की पहिला विचार वजिरांच्या अदलाबदलीचा करावा; वजीर पटावरून गेले, की बहुतेक हल्ल्यांतील जोर ओसरतो. राजापुढील प्यादी उगाच हलवू नयेत. मध्यात प्रतिघात शक्य असेल, तर तो लांबवू नये. आणि फुकट मिळालेले मोहरे परत देऊन राजा वाचत असेल, तर ते द्यावे. ते दिल्यावर डाव समान उरला, तरी हल्लेखोराचा वेळ आणि जोर दोन्ही खर्च झालेले असतात.

खानदेशातील मुलांपुढचा प्रश्न

जळगावच्या जैन हिल्सवर ऑगस्ट २०२५ मध्ये ११ वर्षांखालील मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा झाली. देशभरातील छोटे खेळाडू आपल्या गावात पाहण्याची संधी त्यामुळे जळगावकरांना मिळाली. अशा स्पर्धांत वेळ भरपूर असतो आणि समोरचा दहा वर्षांचा मुलगाही शांतपणे बचाव शोधतो. रविवारच्या जलद स्पर्धांत आशेवर उंट झोकून चषक मिळवलेल्या मुलाची खरी परीक्षा तेथे होते. तोच हल्ला, तेच बलिदान. पण समोरच्याला पावणेतीन मिनिटे मिळाली, की ते फसते. मग पालक मुलाला 'जपून खेळ' असे बजावतात आणि त्याची चढाईची हौसच मावळते.

ही हौस मारण्याची गरज नाही. तिला शिस्त हवी. जलद स्पर्धेतून परतल्यावर जिंकलेला डावही पटावर पुन्हा मांडावा आणि एकच प्रश्न विचारावा : प्रतिस्पर्ध्याला पाचपट वेळ असता, तर त्याने काय केले असते? उत्तरात बचाव सापडला, तर विजय घड्याळाचा होता. बचाव सापडला नाही, तर चढाई खरी होती आणि तो नमुना आयुष्यभरासाठी साठवणीत जमा झाला. धुळ्याहून जळगावला स्पर्धेसाठी आलेल्या मुलाला परतीच्या सुमारे नव्वद किलोमीटरच्या प्रवासात हा अभ्यास खिशातील छोट्या पटावर सहज करता येईल. पुढच्या रविवारी चार गोष्टी पाहायला त्याला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागेल, आणि वाचलेली ती सेकंदे नेमक्या खेळीसाठी हाताशी राहतील.