‘यासाठी नाही, तर त्यासाठी’: इंग्रजीत उद्देश सांगताना ‘नॉट’ कुठे ठेवायचा?



व्यवसायाचं इंग्रजी या मालिकेत आपण मागच्या व्हिडिओत कंपनीला आणि ग्राहकाला मेसेज कसा लिहायचा ते पाहिलं. त्यातला एक मुद्दा असा आहे की तो ऐकून समजतो, पण लिहायला बसलं की गडबड होते. म्हणून तो इथे सावकाश घेऊ. वही-पेन जवळ ठेवा.

भिंतीवरची पाटी

बँकेत, एलआयसीच्या ऑफिसात किंवा एखाद्या जुन्या दुकानात गांधीजींच्या फोटोसह लावलेली ग्राहकाविषयीची पाटी तुम्ही नक्की पाहिली असेल. तिचा आशय असा: ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत. तो आपल्या कामातला अडथळा नाही, आपलं काम त्याच्यासाठीच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही वाक्यं गांधीजींची आहेत याला पुरावा नाही. बऱ्याच ठिकाणी ‘दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, 1890’ असं लिहिलेलं असतं. पण 1890 मध्ये गांधीजी लंडनला बॅरिस्टरचं शिक्षण घेत होते आणि दक्षिण आफ्रिकेत ते पोहोचले 1893 मध्ये. याच आशयाचा मजकूर 1941 च्या सुमारास अमेरिकेत छापलेला सापडतो, तोही स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्री विभागाचे अधिकारी केनेथ एलियट यांच्या नावाने. म्हणजे हे एका विक्रीच्या माणसाचं बोलणं आहे. आपल्यासारख्याचंच!

पण ही पाटी इतकी वर्षं टिकली कशामुळे? तिच्या वाक्यांच्या बांधणीमुळे. प्रत्येक वाक्य आधी एक गोष्ट नाकारतं आणि मग खरी गोष्ट सांगतं. नुसतं ‘ग्राहक महत्त्वाचा आहे’ म्हटलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा वाचलं नसतं. ऐन गर्दीत कुणी ‘फक्त भाव विचारायला आलोय’ म्हणालं की आपल्या मनात काय येतं? अडथळा! पाटी नेमकं तेच नाकारते, म्हणून ती लागते.

मराठीत आपण हे रोज करतो

‘विकायला नाही, दाखवायला आणलंय.’ ‘भांडायला नाही आलो, हिशोब करायला आलो.’ गंजगोलाईत तासभर उभे राहा, अशी दहा वाक्यं ऐकायला मिळतील. इंग्रजीत याचा साचा आहे: नॉट टू अमुक, बट टू तमुक.

‘आय हॅव कम नॉट टू सेल, बट टू शो.’
म्हणजे विकायला नाही, दाखवायला आलोय.

इथे दोन गोष्टी पाहा. एक, मराठीत ‘नाही’ नाकारलेल्या गोष्टीच्या मागे येतं, इंग्रजीत ‘नॉट’ तिच्या पुढे येतं. दोन, दोन्ही बाजूंना ‘टू’ आहे. तराजूची दोन्ही पारडी सारखी हवीत. एकीकडे ‘टू सेल’ आणि दुसरीकडे ‘फॉर शोइंग’ असं करू नका. आणि ‘-साठी’ म्हणजे ‘फॉर’ हे डोक्यात पक्कं बसल्यामुळे आपल्याकडे बरेच जण ‘फॉर टू सेल’ म्हणतात, तेही टाळा. उद्देश सांगायला एकटा ‘टू’ पुरतो.

‘नॉट’ची जागा चुकली की पैसे अडकतात

आता मुख्य मुद्दा. माझ्या बॅचमध्ये रेडिमेड कपड्यांचे एक दुकानदार होते. त्यांनी बाहेरगावच्या कंपनीला साईज चुकलेला माल परत पाठवला. कंपनीने ऑर्डर रद्द समजू नये, योग्य साईज पाठवाव्यात, एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्यांनी ईमेल लिहिला:

‘वुई डिड नॉट रिटर्न द गुड्स टू कॅन्सल द ऑर्डर.’

त्यांच्या मनातलं वाक्य होतं: आम्ही माल परत पाठवला, पण ऑर्डर रद्द करण्यासाठी नाही. कंपनीतल्या माणसाने वाचलं: आम्ही माल परत पाठवलेलाच नाही. झालं! क्रेडिट नोट थांबली, उलट पूर्ण बिलाच्या पेमेंटची आठवण यायला लागली. ट्रान्सपोर्टची पावती पाठवली, चार फोन केले, तेव्हा विषय मिटला.

व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य चूक नाही, पण त्याचे दोन अर्थ निघतात. ‘डिड नॉट’ क्रियापदाला चिकटलं की आधी क्रियाच नाकारली जाते. क्रिया नाकारायची की उद्देश, हे वाचणाऱ्याने ठरवायचं राहतं. मराठी बोलताना आपण ‘रद्द करण्यासाठी’ या शब्दांवर जोर देतो, त्यामुळे समोरच्याला कळतं. ईमेलमध्ये तो जोर ऐकू येत नाही.

उपाय सोपा आहे. जे झालं ते आधी सरळ सांगा, मग ‘नॉट’ उद्देशाला चिकटवा:

‘वुई रिटर्न्ड द गुड्स नॉट टू कॅन्सल द ऑर्डर, बट टू गेट द राइट साइझेस.’

आता माल परत गेला हे पक्कं झालं. का गेला, हेही पक्कं झालं. अजून सोपं हवं असेल तर तीन वाक्यं करा: ‘वुई हॅव रिटर्न्ड द गुड्स. प्लीज डू नॉट कॅन्सल द ऑर्डर. सेंड द राइट साइझेस.’ व्यवहारात साधं वाक्य कधीही चांगलं.

जवळचे तीन साचे, अर्थ वेगवेगळे

1. नॉट ओन्ली टू, बट ऑल्सो टू. इथे पहिली गोष्टही खरी असते आणि दुसरीही. ‘वुई ओपन्ड धिस शॉप नॉट ओन्ली टू सेल मशीन्स, बट ऑल्सो टू रिपेअर देम.’ म्हणजे विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. यातला ‘ओन्ली’ राहिला की अर्थ उलटतो: इथे मशीन विकत नाहीत! बोर्ड रंगवायला देण्याआधी हा एक शब्द तपासा.

2. इन्स्टेड ऑफ. हा दोन कामांची अदलाबदल सांगतो. ‘इन्स्टेड ऑफ रिपेअरिंग द ओल्ड पीस, वुई सेंट अ न्यू वन.’ म्हणजे जुना दुरुस्त करण्याऐवजी नवा दिला. एकाच कामाचा खरा उद्देश सांगायचा असेल तर ‘नॉट टू, बट टू’, एका कामाऐवजी दुसरं केलं असेल तर ‘इन्स्टेड ऑफ’.

3. सो दॅट. आपलं ‘होऊ नये म्हणून’ इथे बसतं. सोयाबीनच्या हंगामात पाऊस आला की आडतीवर धावपळ होते: माल भिजू नये म्हणून ताडपत्री टाकली. ‘वुई कव्हर्ड द बॅग्ज सो दॅट दे वुड नॉट गेट वेट.’ झाकणारे आपण, भिजणारी पोती. करणारा वेगळा आणि परिणाम दुसऱ्यावर, तिथे ‘सो दॅट’ घ्या.

यात आपल्या ‘म्हणून’ची एक गंमत आहे. ‘पैसे मिळाले म्हणून माल पाठवला’ आणि ‘पैसे मिळावेत म्हणून माल पाठवला’, दोन्हीकडे शब्द तोच. पहिल्यात पैसे आलेत, दुसऱ्यात यायचेत. इंग्रजीत पहिल्याला ‘बिकॉज’ आणि दुसऱ्याला ‘सो दॅट’. दोन्हीकडे ‘बिकॉज’ लिहिलं तर समोरची पार्टी म्हणेल, ‘पैसे मिळाले असं तुम्हीच लिहिलंय की!’

पण काय नाकारायचं, हेही ठरवा

साचा जमला की तो सगळीकडे वापरावासा वाटतो. इथे दोन सूचना.

पहिली: समोरच्याच्या मनात जे नाही, ते नाकारू नका. ‘वुई आर नॉट हिअर टू चीट यू, बट टू सर्व्ह यू’ असं पॅम्प्लेटवर छापलं, तर ज्याच्या डोक्यात फसवणुकीचा विचारही नव्हता त्याच्या डोक्यात तो आपणच घातला. पाटीवरची वाक्यं चालतात, कारण ‘ग्राहक म्हणजे अडथळा’ हा विचार काउंटरमागच्या माणसाच्या मनात खरंच येतो. तुमच्या ग्राहकाची खरी शंका कोणती? समजा, मोफत तपासणीला बोलावलं की लोकांना वाटतं आता काहीतरी गळ्यात मारतील. मग लिहा: ‘कम नॉट टू बाय, बट टू गेट युवर मशीन चेक्ड.’ ही शंका खरी आहे, त्यामुळे उत्तरही पोहोचतं.

दुसरी: जे करणार आहात, ते नाकारू नका. उधारी मागायला आपल्याला संकोच वाटतो, मग आपण लिहितो: ‘आय ऍम रायटिंग नॉट टू आस्क फॉर पेमेंट, बट टू मॅच अवर अकाउंट्स.’ पार्टी हिशोब जुळवून देते आणि पेमेंट बाजूला ठेवते, कारण ते मागितलं नाही असं आपणच लिहून दिलंय. पैसे हवे असतील तर सरळ लिहा: ‘आय ऍम रायटिंग टू आस्क अबाउट द बॅलन्स पेमेंट.’ प्लीज लावा, थँक यू लावा, पण मागणी लपवू नका. नुसता हिशोबच जुळवायचा असेल, तेव्हा ते ‘नॉट’ खुशाल वापरा.

गृहपाठ

खालची तीन वाक्यं इंग्रजीत करा. प्रत्येक वेळी आधी स्वतःला विचारा: मी काम नाकारतोय की उद्देश?

1. आम्ही भाव कमी केला तो जुना माल काढण्यासाठी नाही, नवीन ग्राहक जोडण्यासाठी.
2. ग्राहकाला थांबावं लागू नये म्हणून आम्ही दुसरा काउंटर सुरू केला.
3. आम्ही फक्त विकण्यासाठी नाही, तर शिकवण्यासाठीही येतो.

उत्तरं कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत एकेक तपासू. आणि आज कंपनीला ईमेल पाठवणार असाल तर पाठवण्याआधी त्यातला प्रत्येक ‘नॉट’ शोधा आणि तो कोणत्या शब्दाला चिकटलाय ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.