'सात सक्कं त्रेचाळीस'नंतरची वीस वर्षं

सात सक्कं बेचाळीस. पाढे पाठ केलेलं कुठलंही मराठी पोर झोपेतसुद्धा हे सांगेल. पण १९७४ साली 'मौज'नं एक कादंबरी काढली, तिचं नाव होतं 'सात सक्कं त्रेचाळीस'. लेखक होते किरण नगरकर. वय बत्तीस, पहिलीच कादंबरी. नावातला हिशेब मुद्दाम चुकवलेला होता. पुस्तकाच्या खपाचा हिशेब मात्र न चुकवताच चुकला! पहिली आवृत्ती संपायला वीसहून अधिक वर्षं लागली, असं नगरकर स्वतः सांगायचे.

हा माणूस मराठीत लिहू लागला हेच मुळी नवल. २ एप्रिल १९४२ रोजी मुंबईत जन्म. घर मध्यमवर्गीय मराठी, पण ब्राह्मो समाजाच्या विचारांचं वारं लागलेलं. चौथीपर्यंत मराठी शाळा, मग सगळं शिक्षण इंग्रजीतून. पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं एस.आय.ई.एस. असं कॉलेज झालं. मराठी सुटली ती सुटलीच. पुढे कवी दिलीप चित्रे यांनी 'अभिरुची' मासिकासाठी गोष्ट मागितली आणि चौथीनंतर मराठीत काहीच न लिहिलेले नगरकर मराठीत लिहायला बसले.

त्यातूनच पुढे कादंबरी आली. तिचा नायक कुशंक पुरंदरे. त्याची गोष्ट सरळ पुढे जात नाही. मधेच मागे वळते, आठवणीत शिरते, मृत्यूच्या दारात उभी राहून विनोद करते. भाषेत इंग्रजी बिनधास्त मिसळलेली. खांडेकर-फडक्यांच्या सरळ गोष्टीवर वाढलेल्या वाचकाला हे पचणं अवघडच होतं. काही समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण वाचक फिरकला नाही. १९८० साली तिचं इंग्रजी भाषांतर थेट ऑस्ट्रेलियातून निघालं. इथे प्रती गठ्ठ्यांतच!

मग नाटकाकडे वळावं म्हटलं, तर तिथे आणखी मोठा फटका. १९७८च्या सुमारास त्यांनी महाभारतावर बेतलेलं 'बेडटाइम स्टोरी' लिहिलं. नाव इंग्रजी, नाटक मराठी. एकलव्याचा अंगठा, द्रौपदीची विटंबना हे सगळं नव्यानं मांडून त्यांनी प्रेक्षकालाच विचारलं होतं, की हे घडत असताना तुम्ही काय करत होता? सेन्सॉरनं ७८ जागा कापायला सांगितल्या. त्यातून वाट काढावी तर धमक्या सुरू झाल्या. कायद्यानं बंदी नव्हती, तरी नाटक उभं राहू शकलं नाही. रंगमंचावर यायला १९९५ साल उजाडलं. सतरा वर्षं एखादं हस्तलिखित कपाटात ठेवून माणूस रोज कामाला कसा जात असेल, कोण जाणे!

कामाला जात होते हे मात्र खरं. अध्यापन, पत्रकारिता आणि मुख्य म्हणजे जाहिरात. साबणा-तेलाच्या जाहिराती लिहून पोट भरणारे साहित्यिक मुंबईत त्या काळी बरेच होते; अरुण कोलटकरही त्याच धंद्यातले.

या काळात एका पटकथेतून दुसरी कादंबरी अंकुरली. माझगावची सरकारी चाळ. चौथ्या मजल्यावर हिंदू, पाचव्यावर ख्रिश्चन. तान्हा राम आईच्या हातून सुटून खाली पडतो आणि त्याला झेलताना वरच्या मजल्यावरचा व्हिक्टर कुतिन्हो जिवाला मुकतो. पोराला दृष्ट लागू नये म्हणून आई त्याचं नाव ठेवते रावण! व्हिक्टरचा मुलगा एडी. लेखन सुरू झालं मराठीत, पूर्ण झालं इंग्रजीत. १९९४ साली 'रावण अँड एडी' प्रसिद्ध झाली तेव्हा नगरकर बावन्न वर्षांचे होते.

मराठी साहित्यवर्तुळात नाराजी उमटली. मायबोली सोडली, असा सूर निघाला. कोलटकर, चित्रे दोन्ही भाषांत कविता लिहीत, त्यांना कुणी फारसं छेडलं नाही. ज्याची कादंबरी आपण विकतही घेतली नाही, त्यानं दुसरं दार ठोठावलं म्हणून रागवायचं, हे मात्र गमतीचंच म्हणायचं.

त्यानंतर १९९७ साली 'ककोल्ड' आली. सहाशेच्या घरातली पानं, सोळाव्या शतकातलं मेवाड. मीराबाईवर गाणी, चित्रपट, नाटकं ढिगानं झाली. तिच्या नवऱ्याचं काय? बायको श्रीकृष्णाची झाली, आता भांडायचं कुणाशी? राज्यकारभार सांभाळणाऱ्या, लढाया आखणाऱ्या, तिच्यावर जीव असलेल्या या राजपुत्राला नगरकरांनी बोलतं केलं. २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला, तोही इंग्रजी विभागात. वय अठ्ठावन्न.

पुढे जर्मनीत त्यांच्या पुस्तकांना मोठा वाचकवर्ग लाभला आणि २०१२ साली त्या देशानं त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला. त्याच वर्षी रावण-एडीची पुढची गोष्ट आली, २०१५ साली तिसरी. चाळीतला हा रावण मराठीत आला तो मात्र भाषांतर होऊन.

उतारवयही निर्वेध गेलं नाही. २०१८ साली काही महिला पत्रकारांनी त्यांच्यावर गैरवर्तनाचे जाहीर आरोप केले. नगरकरांनी ते नाकारले.

५ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. कबिरावर बेतलेली त्यांची अखेरची कादंबरी नंतर प्रसिद्ध झाली. तीही इंग्रजीतच.